वार्धक्य आणि यंत्रसेवक

‘रोबो’ हा शब्द आज लहान मुलांच्याही तोंडी असतो. परंतु तो आला कोठून, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. कारेल चापेक या चेक नाटककाराने १९२० साली ‘आर. यू. आर.’ नावाचे नाटक लिहिले. माणसांची कामे करण्यासाठी कारखान्यात तयार केलेल्या कृत्रिम माणसांची ती कथा होय. या कृत्रिम माणसांना नाव काय द्यावे, असा प्रश्न पडला तेव्हा चापेक यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी ‘रोबोट’ हा शब्द सुचविला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. कुळाने जमीनदारासाठी सक्तीने राबावे, ती वेठ. आपल्याकडील ‘वेठबिगार’ हा शब्द अर्थाने त्याचा सख्खा भाऊच म्हणावयास हरकत नाही.

हा मूळ अर्थ ध्यानात ठेवला, तर आजच्या विषयाची गुरुकिल्ली हाती येते. घरातील वृद्ध माणसांची काळजी घेताना जी कामे करावी लागतात, त्यांत दोन भाग असतात. एक भाग कष्टाचा : उचलणे, आणून देणे, दिवा लावणे, औषधाच्या वेळेची आठवण करणे, रात्रभर जागता पहारा ठेवणे. दुसरा भाग सेवेचा : जवळ बसणे, विचारपूस करणे, न बोललेले दुःख ओळखणे. पहिल्या भागातील बरीचशी वेठ यंत्रावर सोपविता येते. दुसराही भाग सोपविता येईल अशा समजुतीने यंत्र घरी आणले, तर पैसा जातो आणि माणूस मात्र एकटाच राहतो. तेव्हा वडीलधाऱ्या माणसांसाठी यंत्र निवडावयाचे असेल तर ते कोणत्या कसोट्यांवर निवडावे, याचा थोडा विचार येथे करू.

प्रश्न का उद्भवला?

माणसाचे आयुर्मान वाढले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्याबरोबरच कुटुंबे लहान झाली आणि तरुण मंडळी पोटापाण्यासाठी दूर गेली. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात दर शंभर माणसांमागे साठ वर्षांवरील माणसे ८.६ होती. केरळात हे प्रमाण १२.६ होते, आणि आपल्या गोव्यात ११.२. म्हणजे वृद्धांच्या प्रमाणात गोवा त्याच वेळी देशाच्या पुष्कळ पुढे होता. आपल्या कित्येक वाड्यांवर अशी घरे आहेत की, मुलगा आखातात, मुलगी पुण्या-मुंबईस अथवा परदेशी, आणि मोठ्या कौलारू घरात एक किंवा दोन वृद्ध जीव.

जपानात तर हा प्रश्न फार मोठा झाला आहे. तेथे दर शंभरांपैकी सुमारे २९ माणसे पासष्ट वर्षांवरील आहेत. त्यांची शुश्रूषा करण्यास पुरेसे हात नाहीत. म्हणून त्या देशाने यंत्रमानवांच्या संशोधनावर पुष्कळ पैसा आणि बुद्धी खर्च केली. त्यांना आलेला अनुभव आपण तपासून घेतला, तर आपला मार्ग सुकर होईल.

यंत्रांचे चार प्रकार

वृद्धांच्या उपयोगी पडणाऱ्या यंत्रांची विभागणी स्थूलमानाने चार गटांत करता येते.

पहिला गट श्रम करणाऱ्या यंत्रांचा. केर काढणारे फिरते यंत्र, हाकेसरशी लागणारे दिवे व पंखे, बटण दाबताच डोक्याकडची बाजू उचलणारी खाट, ही त्याची उदाहरणे होत. माणसाला अंथरुणावरून उचलणारी यंत्रेही याच गटात येतात. २०१५ साली जपानच्या रिकेन या संशोधनसंस्थेने ‘रोबेअर’ नावाचा, अस्वलाच्या तोंडवळ्याचा यंत्रमानव जगापुढे ठेवला. तो रुग्णाला दोन्ही हातांवर अलगद उचलून चाकाच्या खुर्चीत ठेवीत असे. त्याची छायाचित्रे जगभर झळकली. परंतु त्याचे स्वतःचे वजन १४० किलो होते, आणि तो संशोधनाच्या पायरीपलीकडे घरोघरी पोहोचला नाही.

दुसरा गट आठवण करून देणाऱ्या यंत्रांचा. औषधाची डबी ठरलेल्या वेळी वाजते आणि त्या वेळेचाच कप्पा उघडते. चुलीवर भांडे विसरले तर ठरावीक वेळाने गॅस बंद करणारी कळ असते. येथे एक मर्यादा ओळखली पाहिजे. कप्पा उघडला, गोळी उचलली गेली, एवढेच यंत्राला कळते. ती गोळी पोटात गेली की उशीखाली, हे त्याला कळत नाही.

तिसरा गट राखण करणाऱ्या यंत्रांचा. यांचे डोळे-कान म्हणजे संवेदक, ज्यांना आपण सेन्सर म्हणतो. त्यांची रचना समजावयास सोपी आहे. प्रत्येक जिवंत शरीरातून उष्णतेचे अवरक्त किरण बाहेर पडतात. भिंतीवरचा संवेदक त्या किरणांतील बदल टिपतो, आणि खोलीत कोणी हालले हे जाणतो. त्याला चेहरा दिसत नाही. दाराच्या चौकटीवर एक लहानशी कळ आणि दाराच्या फळीवर लोहचुंबक बसविला, की दार उघडले केव्हा आणि मिटले केव्हा याची नोंद होते. मनगटावरचे घड्याळ याहून चतुर असते. ॲपल कंपनीच्या घड्याळात २०१८ पासून पडल्याची वर्दी देण्याची सोय आली. हाताला बसलेला जोराचा हिसका आणि त्यानंतरची निश्चलता हे घड्याळ मोजते, ‘आपण पडलात का?’ असे विचारते, आणि सुमारे मिनिटभर काहीच हालचाल नसेल तर स्वतः होऊन मदतीला फोन लावते. मात्र भिंतीचा आधार घेत कोणी हळूहळू खाली घसरले, तर ते त्याला उमगेलच असे नाही. उलट, हात जोराने आपटला तर ते उगीच ओरडेल. शिवाय माणसे बहुधा घसरतात न्हाणीघरात आणि रात्री, आणि नेमके त्याच वेळी घड्याळ काढून ठेवलेले अथवा विजेला लावलेले असते.

याच गटातील एक उदाहरण मला फार उद्बोधक वाटते. झोजिरुशी नावाच्या जपानी कंपनीने २००१ साली पाणी तापविणाऱ्या विजेच्या किटलीत एक लहानसा संदेशवाहक बसविला. एकट्या राहणाऱ्या आईने सकाळी चहासाठी पाणी घेतले, की त्याची नोंद दूरच्या शहरातील मुलाला मिळत असे. आईला नवे काहीच शिकावे लागले नाही. तिने फक्त रोजचा चहा करावयाचा होता. एखादे दिवशी नोंद आली नाही, की मुलगा फोन करी.

चौथा गट सोबत करणाऱ्या यंत्रांचा. ताकानोरी शिबाता या शास्त्रज्ञाने घडविलेला ‘पारो’ हा त्यातील प्रसिद्ध होय. तो दिसतो सीलमाशाच्या पांढऱ्या पिलासारखा. वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे मांडीवर घेता येईल असे. कुरवाळले तर डोळे मिचकावतो, हाक मारली तर मान वळवितो. मांजर किंवा कुत्रा न निवडता सीलच का निवडला? कारण खऱ्या मांजराशी माणूस लगेच तुलना करतो आणि निराश होतो. सीलचे पिलू मात्र कोणी पाळलेले नसते. २००५ साली तो जपानात विक्रीस आला आणि २००९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला वैद्यकीय साधनांत गणले. स्मृतिभ्रंशाने अस्वस्थ झालेल्या काही वृद्धांना तो मांडीवर असताना स्वस्थता लाभते, असा अनुभव आहे.

जपानने काय शिकविले?

जेम्स राइट या अभ्यासकाने जपानमधील एका शुश्रूषागृहात राहून तेथील यंत्रमानवांचे निरीक्षण केले, आणि २०२३ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला जे दिसले ते विचार करण्याजोगे आहे. माणसाला उचलणारे यंत्र तेथील सेविकांनी काही दिवसांतच बाजूला ठेवले, कारण ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ढकलत नेण्यातच वेळ जाई. व्यायाम शिकविण्यासाठी आणलेला ‘पेपर’ नावाचा बोलका यंत्रमानव पुढे उभा राहून हातवारे करी, परंतु वृद्धांनी त्याप्रमाणे करावे म्हणून एका सेविकेला त्याच्या शेजारी उभे राहावे लागे. पारो पुष्कळांना आवडला. तथापि एक वृद्धा त्याच्याशी इतकी गुंतली की, त्याच्यावाचून जेवेना की झोपेना. मग तिच्यावर आणि पारोवर दोघांवरही लक्ष ठेवणे आले.

यावरून यंत्रे निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. घेण्यासारखा धडा एवढाच की, यंत्र आले म्हणजे काम संपले असे होत नाही, कित्येकदा कामाचे केवळ रूप पालटते. त्याला वीज द्यावयाची, त्याची साफसफाई करावयाची, त्याचा चुकीचा ओरडा थांबवावयाचा, हे सारे कोणाला तरी करावेच लागते. म्हणून घेण्यापूर्वीच विचारावे : या यंत्रामुळे घरातील कोणाचे कोणते काम कमी होणार, आणि कोणाचे कोणते वाढणार?

निवडीच्या कसोट्या

पहिली कसोटी गरजेची. बाजारात जाण्यापूर्वी घरात आठ दिवस पाहावे. आजोबा कोठे अडखळतात, कशासाठी हाक मारतात, कोणते काम त्यांनी अलीकडे सोडून दिले, हे वहीत टिपून ठेवावे. मग प्रत्येक अडचणीला साधा उपाय आहे का, ते प्रथम बघावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे प्राणास मुकतात, आणि त्यांत साठीवरील माणसे सर्वांत अधिक असतात. पडल्याची वर्दी देणाऱ्या घड्याळापेक्षा पडूच न देणारा न्हाणीघरातील दांडा अधिक मोलाचा. तो स्वस्त असतो, त्याला वीज लागत नाही आणि तो कधी बिघडत नाही.

दुसरी कसोटी घराची. परदेशी सपाट सदनिकेसाठी बनविलेले केर काढण्याचे यंत्र आपल्या जुन्या घरातील उंच उंबरठ्यापाशी अडून बसते, आणि अंधारात मधोमध उभे राहिले तर त्यालाच अडखळून माणूस पडावयाचा. पावसाळ्यात माडाची झावळी तारेवर पडली की वीज जाते, आणि विजेबरोबर इंटरनेटही. अशा वेळी यंत्र काय करील, हे दुकानदाराला आवर्जून विचारावे. बॅटरीवर ते किती तास चालेल? इंटरनेट नसताना धोक्याची घंटा वाजेल का? आणि भिंतीवरचे जुने बटण पूर्वीसारखे चालू राहील का? दिवा लावण्यासाठी ज्या घरात फोनच शोधावा लागतो, ते घर म्हाताऱ्या माणसाला परके होते.

तिसरी कसोटी भाषेची आणि हातांची. बोलक्या यंत्राशी आजी इंग्रजीतून बोलणार नाही. गूगलच्या भाषांतरसेवेत २०२२ साली कोंकणीचा समावेश झाला, ही आम्हा कोंकणी माणसांना आनंदाची वार्ता होती. परंतु लिहिलेले शब्द उलगडणे वेगळे, आणि दात नसलेल्या तोंडून, खोकत खोकत आलेली हाक ओळखणे वेगळे. म्हणून यंत्र घेताना ज्यांच्यासाठी घ्यावयाचे त्यांना बरोबर न्यावे आणि त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच आवाजात बोलून पाहावे. वयोमानाने बोटांची त्वचा कोरडी होते, हात कापतो. काचेवर बोट टेकविण्यापेक्षा दाबल्याचे हाताला जाणवणारे मोठे बटण त्यांना सोयीचे पडते.

चौथी कसोटी टिकाऊपणाची. आजची पुष्कळशी यंत्रे विकणाऱ्या कंपनीच्या दूरच्या संगणकावर अवलंबून असतात. २०१७ साली अमेरिकेत ‘जिबो’ नावाचा गोड बोलणारा, मान हलविणारा लहानसा यंत्रमानव विक्रीस आला. पुढे कंपनीचा व्यवहार बुडाला, आणि तिचे संगणक बंद होणार असल्याचे २०१९ साली जिबोनेच आपल्या मालकांना सांगितले. ज्यांनी त्याला घरातील माणूस मानले होते, त्यांना कोण हळहळ वाटली! तेव्हा कंपनी बुडाली तरी यंत्राचा मुख्य उपयोग चालू राहील का, दुरुस्ती जवळपास कोठे होते, आणि दरमहा वर्गणी भरावी लागते काय, हे आधीच विचारून ठेवावे.

पाचवी कसोटी धावून येणाऱ्या माणसाची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची होय. गळ्यातले बटण दाबले, घंटा वाजली, मस्कतमधील मुलाच्या फोनवर संदेश उमटला. पुढे काय? तो विमानाने येईपर्यंत आई जमिनीवरच पडून राहणार काय? म्हणून यंत्रापूर्वी माणसांची साखळी तयार करावी. प्रथम शेजारी, ज्यांच्याकडे घराची दुसरी किल्ली आहे. मग जवळचे आप्त, मग डॉक्टर. ११२ हा आणीबाणीचा क्रमांक आणि १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांसाठीची साहाय्यवाहिनी, हे दोन क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. ही साखळी नसेल, तर घंटा कितीही मोठ्याने वाजली तरी व्यर्थ होय.

संमतीचा प्रश्न

सहावी कसोटी मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण तीच आपण सर्वांत आधी विसरतो. ज्यांच्यासाठी यंत्र घ्यावयाचे, त्यांना ते हवे आहे काय?

‘म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण’ असे आपण सहज म्हणून जातो. ते बोलणे मायेचे असले तरी खरे नाही. बालकाने अजून जग पाहावयाचे असते, वृद्धाने ते पाहिलेले असते. ज्या माणसाने घर बांधले, मुलांची लग्ने केली, त्याच्या निजण्याच्या खोलीत त्याला न विचारता कॅमेरा लावणे हा त्याचा अवमान आहे, मग हेतू कितीही चांगला असो. आपल्या देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम संमत झाला. माणसाची खासगी माहिती त्याच्या संमतीने घेतली जावी, हे तत्त्व त्याच्या मुळाशी आहे. एखाद्या व्यक्तीच्या निव्वळ घरगुती वापराला तो कायदा लागू होत नाही. पण कायदा जेथे थांबतो तेथून पुढे रीतभात सुरू होते, एवढे सुसंस्कृत घराला सांगावयास नको.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. फोंडा तालुक्यातील एका गावी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी एकट्या राहतात असे समजा. परदेशी असलेल्या मुलाने तीन खोल्यांत कॅमेरे आणि एक बोलका यंत्रमानव पाठविण्याचे ठरविले. सुदैवाने नातीला आधी आजीशी बोलण्याची बुद्धी झाली. आजी म्हणाल्या, “पडायचे मला भय नाही गो. पडल्यावर कुणाला कळणार नाही, त्याचे भय. रात्री न्हाणीकडे जाताना काळोख असतो. आणि हे बघ, निजायच्या खोलीत तो डोळा मला नको. देवाची खोली, स्वयंपाकघर, कुठेच नको.”

आता या घराने काय करावे? खाटेपासून न्हाणीघरापर्यंत चाहूल लागताच उजळणारे तीन लहान दिवे लावावेत. न्हाणीघरात दांडा बसवावा, उंबरठ्याला पांढरा पट्टा मारावा. आजींच्या गळ्यात पाण्याने न बिघडणारे बटण असावे, आणि त्याची घंटा प्रथम शेजारच्या घरी वाजावी. स्वयंपाकघराच्या दाराला चुंबकाचा संवेदक लावावा, म्हणजे सकाळी सात वाजता दार उघडले की मुलाला आई उठल्याचे कळेल. कॅमेरा एकही नाही. यंत्रमानवाचे पैसे वाचतात, त्यांतून मुलाला वर्षातून एकदा अधिक घरी येता येईल. महिन्याभराने पुन्हा आजींना विचारावे की, यातले काय ठेवू आणि काय काढू. आजींनी ‘काढ’ म्हटले तर ते निमूटपणे काढावे.

तुम्ही काय कराल?

विद्यार्थीमित्रहो, ही नवी साधने हाताळण्यात तुम्ही आम्हा शिक्षकांपेक्षाही तरबेज आहात. घरात नवे यंत्र आले की ते चालू करण्याचे काम तुमच्याकडेच येणार. ते करताना घाई करू नका. आजोबांना तीच गोष्ट चारदा विचारावी लागली तर हसू नका. तुम्हाला पाढे शिकविताना त्यांनी चाळीसदा सांगितले असेल. यंत्राचा उपयोग मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्या. कोणी फोनवरून गुप्त अंक विचारू लागला, तर तो कोणालाही सांगावयाचा नाही, हेही त्यांना समजावून ठेवा.

आणि यंत्र घेण्यापूर्वीचे एक काम मात्र तुम्ही या सुट्टीतच करू शकाल. एक वही घ्या, आजी-आजोबांजवळ बसा आणि तीन प्रश्न विचारा : दिवसभरात कोणते काम तुम्हाला सर्वांत जड जाते? कशाची भीती वाटते? आणि कोणते काम तुम्हाला स्वतःच करावयाचे आहे, ज्याला आम्ही हात लावू नये? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट लिहून घ्या. तुळशीला पाणी घालणे असेल, माशांची आमटी स्वतःच्या हाताने करणे असेल, संध्याकाळी दारातल्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी चार शब्द बोलणे असेल. जे यंत्र हे काम त्यांच्या हाती आणखी काही वर्षे राहू देईल, ते खुशाल घ्यावे. जे ते काम त्यांच्या हातून काढून घेईल, ते कितीही नवलाईचे असले तरी दुकानातच राहू द्यावे.